वाघ्या-मुरळी : तीन पिल्लं, एक फुकट अंडं

माझ्या कॅनरीच्या जोडीची नावं ऐकून आई वैतागली होती. "पाखराला कुणी कुत्र्याचं नाव ठेवतं का रे?" पण मूळ घोळ माझा नाहीच. या पाखराचं नाव पडलं कॅनरी बेटांवरून आणि बेटांचं लॅटिनमधल्या 'कॅनिस'वरून, म्हणजे कुत्रा. तिथे मोठाले कुत्रे होते असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय. मग आपल्या साताऱ्यात, पालीचा खंडोबा इतका जवळ असताना, देवाचा कुत्रा म्हणवणारा आणि जागरणात गाणारा कोण? वाघ्या! मादी आपोआप मुरळी झाली.

आता कामाचं. मुरळीने काथ्या आणि कापूस ओढून घरट्याची वाटी सजवली आणि रोज सकाळी एक अशी चार अंडी घातली. फिकट निळी, एका टोकाला तपकिरी ठिपके. सगळी पिल्लं एकदम निघावीत म्हणून अंडी येतील तशी उचलून ठेवायची आणि शेवटी एकत्र उबवायला द्यायची असतात. पहिलं अंडं उचलायचं मी विसरलो आणि ती लगेच त्यावर बसली. पुढची दोन मात्र उचलून राळ्याच्या डबीत ठेवली, वाटीत प्लास्टिकची खोटी. चौथं आलं तशी सगळी परत दिली.

सातव्या दिवशी मोबाइलच्या टॉर्चवर धरली. तिघांत लाल शिरांचं जाळं दिसलं, एक नुसतंच पिवळट. तेवढं बाद.

विसरल्याचं फळ आज दिसतंय. थोरलं तीन दिवस आधी फुटलं, त्यामुळे चोच उघडायच्या शर्यतीत धाकट्या दोघांचं काही चालत नाही. थोरल्याच्या गळ्याची पिशवी टम्म, धाकट्यांची रिकामी. उकडलेलं अंडं आणि रवा पातळ कालवून काडीच्या टोकाने दोन-दोन तासांनी भरवतोय.

पिंजरा स्वयंपाकघराच्या दारातून हॉलमध्ये हलवला. कार्बन मोनॉक्साइड माणसाआधी या पाखराला बाधतो, म्हणून ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी ठेवत. संगणकवाल्यांनी धोक्याच्या इशाऱ्याला हाच शब्द उचलला तो तिथूनच. घरात कोळसा नाही, पण तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफही पाखराचा जीव घेते. तवा मी माळ्यावर टाकला. आईला बिडाचाच आवडतो.

रंगाचं इतक्यात कळणार नाही. बाप पिवळाधमक असला तरी रानातला मूळ कॅनरी हिरवट, रेघांचा. 'कॅनरी यलो' ही माणसाने निवडून वाढवलेली गोष्ट. मुरळीच्या पाठीवर हिरवट झाक आहे, तेव्हा पिसं फुटली की बघू. तूर्तास सगळ्यांत धाकट्याने आत्ता सातच्या भरवणीला स्वतःहून मान वर केली.