परतीच्या नळीचा उतार

टर्बोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राच्या, मधल्या भागात तेल इंजिनाच्या पंपाच्या दाबाने येते आणि तेथून केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते. येणाऱ्या नळीची काळजी प्रत्येक जण घेतो. जाणारी नळी मात्र उरलेल्या जागेतून कशीतरी फिरवली जाते. विक्रोळीच्या एका शेडमध्ये मी आणि माझा मित्र दुसऱ्या पिढीतील माझदा आरएक्स-७ च्या विना-टर्बो १३बी इंजिनाला टर्बो जोडत आहोत आणि हीच चूक आमच्याही हातून झाली. म्हणून या दोन नळ्यांविषयी सविस्तर लिहीत आहे.

१३बी हे रोटरी इंजिन आहे, म्हणजे त्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतात. अशा इंजिनात तेलाला बेअरिंगांच्या वंगणाखेरीज आणखी दोन कामे असतात. प्रत्येकी ६५४ सीसीचे दोन रोटर आतून तेलानेच थंड होतात. रोटर ज्यावर बसतात त्या एक्सेंट्रिक शाफ्टमधील जेटमधून तेल रोटरच्या पोकळीत फवारले जाते. शिवाय रोटरच्या टोकांवरील एपेक्स सीलच्या वंगणासाठी मीटरिंग पंप थोडे तेल मुद्दाम ज्वलनकक्षात सोडतो. त्यात या इंजिनाचा एक्झॉस्ट पिस्टनच्या इंजिनापेक्षा अधिक तापतो आणि टर्बो त्याच्या तोंडाशीच बसतो. म्हणजे टर्बोसाठी घेतलेले तेल आधीच बरीच उष्णता वाहून आलेले असते.

दाबाची नळी आम्ही फिल्टरनंतरच्या गॅलरीतून, म्हणजे इंजिनातील तेलाच्या वाटेतून, घेतली. या इंजिनात तेल पंपातून कूलरमध्ये, तेथून फिल्टरमध्ये आणि मग बेअरिंगांकडे जाते, त्यामुळे येथे ते गार आणि गाळलेले मिळते. ३००० फेऱ्यांना मूळ इंजिनाचा दाब सुमारे पाच किलो, म्हणजे ७० पीएसआयच्या आसपास असतो. बॉल बेअरिंगच्या टर्बोला एवढा दाब नको असतो. कमाल फेऱ्यांना टर्बोच्या तोंडाशी ४० ते ४५ पीएसआय असावा, असे टर्बो बनवणाऱ्या गॅरेट कंपनीचे मार्गदर्शन आहे आणि त्यासाठी साधारण एक मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे तेलाची वाट अरुंद करणारा तुकडा, लावतात. बुश बेअरिंगच्या टर्बोला तेल अधिक लागते, त्याला हा रिस्ट्रिक्टर सहसा लावू नये. नळी जोडणाऱ्या पोकळ बंजो बोल्टला नवीन कॉपर वॉशर घालावेत. टेफ्लॉन टेप मात्र या नळीवर कुठेही गुंडाळू नये, कारण त्याचा एक धागा सुटला तरी एक मिलिमीटरचे भोक बंद व्हायला पुरेसा असतो.

परतीच्या नळीची गोष्ट वेगळी आहे. टर्बोमधून बाहेर पडणारे तेल हवा मिसळून फेसाळलेले असते. पहिल्या गार चाचणीत आम्ही अगदी थोडा वेळ पारदर्शक नळी लावून पाहिली, तेव्हा ते नुकत्याच गाळलेल्या उसाच्या रसासारखे फेसाने भरलेले दिसले. अशा तेलाला जागा अधिक लागते आणि ढकलणारे मागे काहीच नसते. म्हणून नळी आतून किमान अर्धा इंच, शक्य तर त्याहून मोठी हवी, टर्बोचे तेलाचे तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा अधिक कललेले नको, आणि चेंबरपर्यंत, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यापर्यंत, सलग उतार हवा.

आमचा उतार सलग नव्हता. नळी इंजिनाच्या माउंटिंगवरून जाताना दोन बोटे वर चढून मग खाली उतरत होती. गाडी सुरू केल्यावर दहा मिनिटांत सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला. रोटरीमध्ये अशा धुराचा अर्थ लावणे अवघड असते, कारण हे इंजिन मुळातच थोडे तेल जाळते आणि रोटरच्या ऑइल सीलमधील रबरी रिंगा जुन्या झाल्या तरी असाच धूर येतो. ज्या गॅरेजला आम्ही गाडी दाखवली त्यांनी इंजिन खोलण्याचा सल्ला दिला. सुदैवाने आम्ही आधी टर्बो उतरवून पाहिला. टर्बाइनच्या, म्हणजे टर्बोतील एक्झॉस्टने फिरणाऱ्या पंख्याच्या, आधीचा मॅनिफोल्ड कोरडा होता आणि टर्बाइनच्या पुढचा पाइप तेलाने ओला होता; म्हणजे तेल इंजिनातून येत नव्हते, टर्बोतूनच येत होते. टर्बोच्या शाफ्टला खेळही (सैलपणाही) नव्हता. टर्बोच्या शाफ्टवरील सील पिस्टन रिंगसारखे असते आणि साचलेले तेल अडवणे हे त्याचे काम नव्हे. खालची वाट तुंबली की तेल त्या रिंगेवरून एक्झॉस्टमध्ये जाते.

दोष नेमका कुठे आहे हे दाखवले ते लेथवाल्या काकांनी. फ्लँज करून द्यायला ते शेडवर आले होते. नळीकडे पाहून ते म्हणाले, "अहो, ही मध्येच वर कशाला नेलीत? मोरीचं पाणी तरी असं चढतं का?"

मग आम्ही चेंबरवरील जोडाची जागाही नव्याने ठरवली. परतीचे तेल तेलाच्या पातळीच्या वर, मोकळ्या हवेत पडले पाहिजे. पातळीखाली सोडले तर साचलेले तेलच त्याची वाट अडवते. पातळी चेंबरच्या बाहेरून कळावी म्हणून गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी आम्ही ड्रेन बोल्टच्या जागी जोडली, गाडी सपाट जमिनीवर ठेवून डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत तेल भरले आणि नळीत तेल जेथे थांबले तेथे चेंबरवर खडूने रेघ मारली. जोड त्या रेघेच्या वर आला. वेल्डिंग चेंबर काढूनच केले, कारण आत पडलेला वेल्डिंगचा एक कण थेट पंपाकडे जाऊ शकतो.

नळी निवडताना साधी सिलिकॉनची घेऊ नये. ती पाण्याला उत्तम असली तरी तेल तिच्यातून पाझरते. नागदेवी स्ट्रीटवर तेलाला चालणारी, बाहेरून स्टीलची जाळी असलेली नळी मिळाली. एक्झॉस्टशेजारी असल्यामुळे तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढवले. फ्लँजला कागदी गॅस्केट लावले. ट्यूबमधला सीलंट आत दाबला जाऊन वाट अरुंद करतो, म्हणून तो वापरला नाही.

पहिल्या स्टार्टपूर्वी टर्बोच्या तोंडातून हाताने तेल ओतले, मग इंजेक्टर आणि कॉइलच्या वायरींचे प्लग काढून दाबाचा काटा हलेपर्यंत स्टार्टर फिरवला. इंजेक्टर चालू ठेवले असते तर इंधन साचून रोटरी इंजिन सुरू होणेच कठीण झाले असते.

गेल्या रविवारी गाडी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर सायनपर्यंत नेली. परतताना कोंडीत बराच वेळ आयडलवर उभी होती. याआधी धूर दिसला होता तो अशाच वेळी. या खेपेस मागच्या गाडीच्या दिव्यांच्या उजेडात आरशात काहीच दिसले नाही. शेडवर येऊन इंजिन दोन मिनिटे चालू ठेवून बंद केले आणि टर्बाइनच्या पुढच्या पाइपात बोट फिरवून पाहिले. बोटाला कोरडी काजळी लागली.