तुम्ही विचारलंत म्हणून: औषधांशिवाय कसं सांभाळलंत?

आमची मांजर ठमी तोंडाच्या कर्करोगानं जाऊन दोन वर्षं होत आली. एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारलाय, आणि विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा एक आजारी मांजर असतं. "तुम्ही केमो, ऑपरेशन काहीच केलं नाहीत ना? मग औषधांशिवाय, नैसर्गिक पद्धतीनं कसं सांभाळलंत?"

औषधांशिवाय नाही सांभाळलं. पहिले नऊ दिवस तसं करून बघितलं, आणि ते नऊ दिवस आठवले की अजून पोटात तुटतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

ठमी तेव्हा 13 वर्षांची होती. वाटीपाशी यायची, वास घ्यायची, एक घास तोंडात घेऊन मान झटकायची आणि मागे सरकायची. हनुवटी सतत ओली. दात दुखत असेल असं आम्हाला वाटलं. तपासणीत जिभेखाली गाठ निघाली. बायॉप्सीचा रिपोर्ट आला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. मांजरांच्या तोंडात सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच, आणि लक्षात येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. ठमीच्या जबड्याच्या हाडापर्यंत तो पोचला होता. ऑपरेशन करून पूर्ण काढणं शक्य नव्हतं. रेडिएशनसाठी पुन्हा पुन्हा भूल, पुन्हा पुन्हा प्रवास, आणि ठमी तर प्रवासाचा पिंजरा नुसता दिसला तरी कपाटामागे जाऊन बसणारी. डॉक्टर म्हणाल्या, दोन-तीन महिने धरून चला.

घरीच ठेवायचं ठरलं. तो निर्णय आजही मला योग्य वाटतो. पण "घरीच" याचा अर्थ मी "आता हिला औषधांचा त्रास नको" असा लावला. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं होतं, मी त्या बाटलीचं सीलही काढलं नाही. ठमी ओरडत नव्हती, कण्हत नव्हती. उलट मांडीवर येऊन घुरघुरत होती. मांडीवर घुरघुरणाऱ्या मांजराला दुखत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मांजर दुखत असतानाही घुरघुरतं. जखमी असताना, पिल्लं होताना, अगदी शेवटच्या तासांतही. आणि दुखणं लपवण्यात त्याच्याइतकं तरबेज कुणी नाही. जंगलात एवढासा जीव स्वतः शिकार करतो तसा दुसऱ्याची शिकारही होऊ शकतो. त्याला आपण दुबळे झालोय हे दाखवून चालत नाही. घरात 13 वर्षं राहिलं तरी ते रक्तातून जात नाही.

दहाव्या दिवशी डॉक्टर घरी आल्या. माझ्या मते ठमी तेव्हा शांत पडून होती. त्यांनी मला तिच्याकडे नीट बघायला लावलं: कान बाहेरच्या बाजूला वळून चपटे झालेले, डोळे अर्धवट मिटलेले, मुस्कट ताणलेलं, मिशा ताठ, डोकं खांद्यांच्याही खाली. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजणी प्रसिद्ध केली, ती याच पाच गोष्टींची. प्रत्येकीला 0 ते 2 गुण. बेरीज 4 किंवा त्याहून जास्त आली तर वेदनाशामकाची गरज आहे असं समजायचं. ठमीचे 7 आले.

त्या संध्याकाळी बुप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक सुरू केलं. हे गिळवावं लागत नाही. मांजराची लाळ अल्कधर्मी असते, त्यामुळे गालाच्या आत सोडलेले थेंब तिथूनच रक्तात जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी पुढचा पाय चाटत बसली होती. दोन आठवडे तिनं अंग चाटलं नव्हतं, आणि मी ते वयावर ढकललं होतं.

होलिस्टिक म्हणजे शरीर, मन, घर सगळं धरून केलेली काळजी. हा शब्द हल्ली "औषध नको" अशा अर्थानं वापरतात, त्याचा मला खरंच त्रास होतो. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं. दुखणं फक्त शरीराचं नसतं, त्यात भीती, एकटेपणा, घरच्यांची काळजी सगळं मिसळलेलं असतं, हे त्यांचं म्हणणं. पण त्याच बाई वेदनाशामक घड्याळ लावून द्या, दुखणं परत यायची वाट बघू नका, असंही ठामपणे सांगायच्या. माणसांसाठी सांगितलेलं हे सगळं ठमीला जसंच्या तसं लागू पडलं. आम्ही फोनवर गजर लावले. रात्रीचा डोस माझ्या मुलानं स्वतःकडे घेतला.

चौथ्या आठवड्यात खाणं जवळजवळ थांबलं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी त्याच्या यकृतात चरबी साचू लागते, तो आणखी वेगळा आजार. डॉक्टरांनी मानेच्या बाजूनं अन्ननलिकेत नळी बसवायचं सुचवलं. ऐकून मी नाहीच म्हणाले. नळी म्हणजे छळ, हेच डोक्यात. दोन दिवस विचार केला, आणि मग लक्षात आलं की खरा छळ त्या दुखऱ्या तोंडात पिचकारीनं अन्न घालण्यात आहे. नळी बसवली. त्यानंतर पातळ, कोमट अन्न, पाणी, मळमळीचं औषध, तोंडातल्या संसर्गावरचं अँटिबायोटिक, सगळं तोंडाला हात न लावता जायला लागलं. अँटिबायोटिकमुळे तोंडाचा वास कमी झाला आणि ती पुन्हा आमच्या उशाशी झोपायला लागली. कॅलरीची चिंता नळीनं मिटवल्यामुळे तिच्यापुढे वाटी ठेवणं ही आता परीक्षा राहिली नाही. कधी ती दोन वेळा जीभ लावायची, कधी नुसता वास घ्यायची. दोन्ही चालायचं.

बाकीची कामं बारीकसारीक होती. लिटर ट्रेची, म्हणजे तिच्या शी-शूच्या ट्रेची, एक बाजू कापून बुटकी केली. खिडकीपाशी चढायला दोन खोकी रचली. दिवसातून तीनदा कोमट ओल्या फडक्यानं हनुवटी आणि छाती पुसायची, हलके, छोटे छोटे हात फिरवत, आई मांजर पिल्लाला चाटते तसं. ती डोळे मिटून मान वर करायची.

आता त्या नैसर्गिक उपायांबद्दल, कारण तुमच्यापैकी निम्म्यांना तेच हवं असतं. मालीश, ऊब, शांतता, जरूर द्या. तेलं आणि काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. माणूस ज्या रासायनिक वाटेनं कितीतरी द्रव्यं शरीराबाहेर टाकतो, ती मांजराच्या यकृतात फार अशक्त असते. टी ट्री तेल त्याला विषारी आहे. कांदा-लसणानं त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. आणि पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. आपल्या औषधांच्या डब्यातलं काहीही त्याला देऊ नका.

"थांबायचं कधी, हे कसं कळलं?" हा दुसरा प्रश्न नेहमी मागोमाग येतो. ॲलिस व्हिलालोबोस या पशुवैद्यांनी त्यासाठी सात गोष्टी सांगितल्या आहेत: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला 10 पैकी गुण, बेरीज 35 च्या वर असेल तर दिवस बरे चाललेत. मी रोज रात्री वहीत मांडायची. पण खरं सांगू? मी गुण वाढवून द्यायची. 4 च्या जागी 5, 5 च्या जागी 6. म्हणून मुलानं वेगळी वही केली. त्यात फक्त तीनच गोष्टी: सकाळी खिडकीत बसली का, मी आंघोळीहून आले की हाक मारली का, रात्री उशाशी आली का. हो किंवा नाही, मध्ये काही नाही. दहाव्या आठवड्यात हाक गेली. अकराव्यात उशी गेली. त्या आठवड्यात औषधं वाढवूनही डोळे अर्धमिटलेच राहिले, तेव्हा आम्ही डॉक्टरांना फोन केला.

शेवटचा दिवस तुम्ही विचारत नाही, पण विचारायचं असतं हे मला कळतं. डॉक्टर घरी आल्या. ठमी खिडकीत होती, उन्हात. तिथून तिला हलवलं नाही. आधी गुंगीचं इंजेक्शन, काही मिनिटांत ती गाढ झोपली. मग दुसरं. हृदय थांबल्यानंतरही एक-दोन श्वासांसारखे आचके येऊ शकतात, ती जाणीव नसते. आणि मांजराचे डोळे उघडेच राहतात. मला हे दोन्ही आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून मी दचकून हात मागे घेतला नाही.