जांभळाचा सिरका आणि काचेची बरणी

सिरक्याला ऊन लागतं, हे आमच्या इंदूरच्या घरात कोणी कोणाला सांगत नाही. जून सरता सरता जांभळं आली की बरणी गच्चीवर जाते. सासूबाईंची चिनी मातीची बरणी तडकली म्हणून या वेळी मी काचेच्या दोन आणल्या, आणि वाद सुरू झाला.

तो काढला भाच्याने. तो अमेरिकेत असतो आणि घरी बिअर करतो. 1978च्या कायद्याने तिथे घरच्यापुरती मुभा आहे. व्हिडिओ कॉलवर त्याला बरणी दिसली आणि म्हणाला, "मामी, आधी तिला काहीतरी गुंडाळ." त्याची स्वतःची काचेची बाटली बिअर आंबेपर्यंत काळ्या टी-शर्टात असते. बिअरमध्ये कडू चवीसाठी हॉप्स नावाची फुलं घालतात; त्यांच्या कडू द्रव्यावर निळा किंवा अतिनील उजेड पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बिअरला स्कंक या घाण वास सोडणाऱ्या प्राण्यासारखी दुर्गंधी येते. कडक उन्हात त्याला काही मिनिटं पुरतात, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम झालं तरी नाकाला कळतं.

आता सिरक्यात हॉप्स कुठले? ती भीती नव्हती. पण जांभळाचा रंग ज्या अँथोसायनिनचा, तेही उजेडात टिकत नाही. म्हटलं, करूनच बघू. एकाच पातेल्यातला गर, गूळ आणि पाणी दोन्ही बरण्यांत घातलं. तोंडाला मलमल बांधली; चिलटं नकोत, पण हवा तर हवीच, त्याशिवाय आंबट होत नाही. एक बरणी तशीच ठेवली, दुसरीला खाकी कागद आणि वरून मोडक्या छत्रीचं कापड. पावसाची सर आली की दोन्ही जिन्यात.

आधी फेस आला, दारूसारखा वास सुटला, मग वर पांढरट पापुद्रा धरला. इथवर दोघींत काही फरक नाही. गाळताना मात्र झाकलेल्या बरणीतला सिरका इतका गडद जांभळा निघाला की मलमलीचा डाग अजून गेलेला नाही. उघड्या बरणीतला विटकरी, फिका. आंबटपणा म्हणाल तर मला तरी सारखाच लागला.

"म्हणजे माझी बरणीच बरोबर होती," सासूबाई म्हणाल्या. होतीच. उन्हातली ऊब आत येऊ द्यायची आणि उजेड बाहेर ठेवायचा, हे चिनी माती आपोआप करते. काचेला ते जमत नाही, म्हणून हा गुंडाळण्याचा उपद्व्याप.

भरायला अटालेवाल्याकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, बिअरच्याच तपकिरी बाटल्या घेतल्या. तपकिरी काच निळा आणि अतिनील उजेड बराचसा अडवते. हिरवी फारसा नाही, म्हणून त्या तो फुकट देत होता तरी घेतल्या नाहीत. लेबलं सोड्याच्या गरम पाण्यात सुटतात. बाटली गळ्यापर्यंत भरायची, कारण आत हवा राहिली तरी रंग उतरतो. आणि वर बूच लावायचं. पत्र्याचं झाकण सिरक्याने गंजतं.