कोन सेट बदलला, पण खालच्या वाटीने दोन दिवस खाल्ले

बाईकचं हँडल सरळ ठेवलं की मध्येच खटकन अडकायचं आणि पुढचा ब्रेक दाबला की टक्क आवाज, म्हणजे कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते वरचं-खालचं बेअरिंग, त्याच्या वाट्या फ्रेमच्या नेकमध्ये म्हणजे पुढच्या नळीत घट्ट बसवलेल्या असतात) गेलाच होता. चाक, फोर्क वगैरे निघालं पटापट. वरचा खाचांचा नट मात्र आधीच्या मेकॅनिकने छिन्नी मारमारून चेचून ठेवलेला, हूक पाना सारखा निसटत होता. त्याचा राग अजून गेलेला नाही.

वरची वाटी खालून लांब पंच घालून चार फटक्यांत बाहेर. खालची काही केल्या हलेना. बोट फिरवून बघितलं तर वाटीची कड आणि नेकची कड एकदम लेव्हलला, पंच टेकवायला नखाएवढीही जागा नाही. तरी ठोकत बसलो आणि पंच घसरून नेकच्या आत ओरखडा पडला, तेव्हा हातोडी खाली ठेवली. आतून फाकणारा पुलर मागून आणला, तर त्याची नखं जाड, वाटीमागे शिरेचनात. रात्रभर तेल सोडून ठेवलं, उपयोग शून्य. शेवटी वेल्डरकडून वाटीच्या आतून गोल वेल्डिंग मारून घेतलं. गार होताना वाटी आकसते आणि पंच टेकायला कडही मिळते, दोन हलके टोले दिले नि टण्णकन खाली पडली. इतकं हायसं वाटलं! वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढा आणि नेकमधलं तेल-ग्रीस नीट पुसा, पेट घेऊ शकतं.

नवीन वाट्या ठोकू नका. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, मग आट्यांचा लांब रॉड, जाड वॉशर आणि दोन नट लावून हळूहळू खेचून घ्या, सरळ बसतात. वॉशर वाटीच्या फक्त बाहेरच्या कडेवर टेकला पाहिजे.

हो, आणि बेअरिंगचे छर्रे सुटे असतील तर काढतानाच वरचे-खालचे वेगळे मोजून ठेवा, आकडा सारखा असेलच असं नाही.

खाचांचा नट आधी थोडा जास्त आवळून हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवा, मग ढिला करून पुन्हा बेताने आवळा, टॉर्क (किती जोराने आवळायचं तो आकडा) मॅन्युअलमध्ये असतो. सगळ्यात वरचा मोठा नट आवळला की ताण बदलतो, म्हणून परत चेक कराच. पुढचं चाक उचलून बघा, हँडल आपोआप दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे आणि फोर्क पुढेमागे ओढल्यावर खेळ नको.

माझं आता मध्ये कुठेच अडकत नाही. चेचलेला नट बदललाय आणि त्याच्यासाठी चार दातांचं सॉकेट घेतलंय, छिन्नी त्याच्याजवळ फिरकू देणार नाही.