किट का आणत नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून

"एवढे कष्ट करता, मग सरळ किट का आणत नाही?" मी भंगारातल्या लाकडातून जुन्या जहाजांच्या छोट्या प्रतिकृती करतो, आणि किट म्हणजे तयार भाग जोडून तसं जहाज करायचा संच. घरी येऊन माझी गुराब, म्हणजे आंग्र्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज, बघणारा जवळपास प्रत्येक जण हे विचारतो. बरीच वर्षं मी "परवडत नाही" एवढं म्हणून विषय मिटवला. ते खोटं नव्हतं. सुरुवात केली तेव्हा परदेशी किटच्या पैशांत घराचा किराणा भरला असता. आज परवडतं, तरी आणत नाही. तेव्हा एकदा काय ते सांगून टाकतो.

किट मिळतं 'व्हिक्टरी', 'कटी सार्क', 'बाउंटी' अशा नावाजलेल्या इंग्रजी जहाजांचं. मला करायची असते आंग्र्यांची गुराब. आपल्या किनाऱ्यावरचे मिस्त्री आराखडा कागदावर न काढता नजरेनं आणि हातानं तारू बांधायचे, त्यामुळे किटवाल्यांनी समोर ठेवायचं काय? आणि फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाला काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराचा एक बाँबगोळा 'रिस्टोरेशन'वर पडला. ते ईस्ट इंडिया कंपनीचंच जहाज, आंग्र्यांनी धरून आणलेलं. तिथून आग पसरली आणि तुळाजी आंग्र्यांचं सगळं आरमार जळालं. पेशवे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूनं होते, हे मला आजही लिहवत नाही.

मागे उरली ती जिंकणाऱ्यांनी लिहिलेली वर्णनं. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराचं त्यातलं मला सर्वांत उपयोगी पडलं. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे तीनशे टनांची, दोन डोलकाठ्यांची दीडशेची. मध्ये चांगली रुंद, पुढे निमुळती होत गेलेली, आणि नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, जागी समोर काढलेली लांब चोच. चोचीच्या मागे आडवी भिंत, तिच्यातल्या भोकांतून समोर रोखलेल्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडांचा गोळा फेकणाऱ्या. समोरून लाटा आल्या की ही बोट पुढेमागे जोरात आपटायची, म्हणून चोचीच्या तक्तपोशीला, म्हणजे वरच्या फळ्यांच्या डेकला, कठडा ठेवायचेच नाहीत. वर आलेलं पाणी अडल्याशिवाय निघून जावं, यासाठी. एवढ्या एका तपशिलावरून गुराब ओळखावी, असं मी मानतो.

आता लाकूड. पाडलेल्या घरांच्या चौकटी, मोडक्या खाटांचे पाय, सुताराकडचे तुकडे. गिरण्या बंद पडल्यावर भंगारात आलेल्या बॉबिनींचं हळदू नावाचं लाकूड. शिडाला जुनं धोतर, कारण नव्या कापडाची वीण या मापाला जाड दिसते. धुऊन धुऊन विरलेलं धोतर बरोबर बसतं. चौकटीतलं सागवान कित्येक पावसाळे खाऊन बसलेलं असतं, ते आता कशाला पिळवटतंय? आणि सागवान म्हणजे काय ते बघायचं तर मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधून 1817 मध्ये पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' बघा. मलबारच्या सागाची ती फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतेय. भंगारवाल्याकडून आणला म्हणून साग हलका होत नाही.

अशा प्रतिकृतीला नासपतीचं लाकूड जास्त शोभतं असं म्हणणारे मात्र बरोबर आहेत. एकास अठ्ठेचाळीसच्या मापात सागाचे रेषे भरड दिसतात. मिलिमीटरभर जाडीची पट्टी गरम पाण्यात भिजवून, सोल्डरिंग गनच्या दांड्यावर दाबत वाकवायची, आणि नाळेजवळ शेवटच्या वळणाला ती तडकते. तडकली की दुसरी.

पण माझ्या चिडण्याचं कारण वेगळं आहे. एका शाळेच्या प्रदर्शनासाठी माझी गुराब मागितली, मी आनंदानं दिली. सोबत कार्ड लिहिलं: 'आंग्रेकालीन गुराब, पूर्णपणे टाकाऊ वस्तूंपासून.' दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर ती 'टाकाऊतून टिकाऊ'च्या टेबलावर, बाटल्यांच्या फुलदाण्या आणि सीडींच्या तोरणांमध्ये. इथवर ठीक होतं. जवळ गेलो आणि चोचीवर कठडा दिसला. आइस्क्रीमच्या काड्या कापून, एकसारख्या अंतरावर, फेविकॉलनं चिकटवलेला, वर सोनेरी रंग. बाई मायेनं म्हणाल्या, "सर, पुढचा कठडा करायचा राहिला होता ना, मुलांनी पूर्ण केला." चार मुलं माझ्या तोंडाकडे बघत उभी. काम खरंच नीटस होतं. ज्यानं ते केलं त्याचा हात चांगला आहे, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी "छान" म्हणालो. लाट, चोच, पाणी, काहीच सांगितलं नाही. घरी आणून कोमट पाण्याचा बोळा ठेवत, ब्लेडनं एकेक काडी उचलली. काड्या निघाल्या, पण त्यांच्याबरोबर तक्तपोशीच्या हळदूचे पापुद्रेही निघाले. ती चोच पूर्ण उखडून पुन्हा करावी लागली. मुलांवर राग नाही. बाईंवरचा अजून गेलेला नाही. व्हिक्टरीचं किट ठेवलं असतं तर कुणी तिला काडी चिकटवली असती का? भंगाराचं म्हटलं की लोकांना ते अर्धवटच वाटतं, कुणीही हात घालावा असं.

बायको म्हणते, कार्डावर तुम्हीच तर लिहिलंत. लिहिलं, आणि ते खरंच होतं. तेव्हाच्या मला त्या 'टाकाऊ' शब्दाचा अभिमान होता, येईल त्याला बॉबिनीचं भोक दाखवायचो. आता वाटतं, कार्डावर नुसतं 'सागवान, हळदू, सुती कापड' लिहावं. लगेच तो आधीचा मी विचारतो, मग चौकटी ज्या घराच्या होत्या त्यांचं नाव कुठे गेलं? त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. आणि कठड्याचं त्या मुलांना तिथेच सांगायला हवं होतं, की त्यांचे चेहरे पडू दिले नाहीत तेच बरं झालं, यावर त्या आधीच्या माझं आणि आताच्या माझं अजून जमलेलं नाही.

सध्या टेबलावर गलबत आहे. गुराबेहून लहान, वल्ह्यांचं, सत्तर टनांच्या आतलं. वल्ही चाळीस-पन्नास लागतील आणि सगळी एका लाकडाची हवीत, म्हणून किट राहू दे, तुमच्याकडे कुणाचं जुनं घर पाडत असतील तर चौकटी भंगारात जायच्या आत मला कळवा. खिळे काढायला लावू नका. घाईत उपसले की लाकूड फाटतं. मी येऊन काढतो.