न पाहिलेली खोली

"श्वास चालू आहे, बाबा घोरतायत," मुलगा म्हणाला आणि मला कळलं. आपत्कालीन फोनवर बसणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं: माणूस हाकेला ओ देत नाही आणि थांबून थांबून घरघरतोय, तर त्याला श्वास समजायचं नाही. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटं अशी घरघर येऊ शकते. घरचे हमखास फसतात.

लोकांना वाटतं, आम्ही फक्त पत्ता लिहून घेतो. "प्रश्न कसले विचारताय, गाडी पाठवा!" अहो, गाडी केव्हाच सुटलेली असते. मधला वेळ आमचा.

वडिलांना पलंगावरून जमिनीवर घ्यायला लावलं. गादीवर दाबलं तर छातीऐवजी गादीच दबते. छातीच्या मधोमध, किमान पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. हे आकडे मुलाला सांगून काय उपयोग? मी मोठ्याने मोजायचं, त्याने त्या ठेक्यावर दाबायचं. तो दमला की ठेका ओढला जातो, ते त्याच्या धापेवरून ऐकू येतं. मग मी आवाज चढवते. हे मला चांगलं जमतं. त्या दिवशीही जमलं. पथक आत आलं, फोन बंद झाला, पुढचा वाजला.

ते वाचले का, ठाऊक नाही. गोपनीयतेमुळे आम्हाला कळवत नाहीत. ती खोली मात्र सारखी दिसते: निळा पडदा, बाजूला सरकवलेलं टेबल, चादरीत अडकलेला पाय. मुलगा यातलं काहीच बोलला नव्हता. प्रत्यक्ष जाणाऱ्यांना नको ते बघावं लागतं, मान्य. पण त्यांनी पाहिलं ते तेवढंच राहतं. माझ्या खोलीत दर वेळी काहीतरी नवीन येतं.

घटनेनंतरची बैठक फक्त गाडीवरच्यांसाठी होती. "तुम्ही कुठे तिथे होतात?" साहेब सहज म्हणाले. डीएसएम-5 ही मानसिक आजारांच्या निदानाची पुस्तिका 2013 सालची; कामाचा भाग म्हणून भयंकर तपशील वारंवार समोर येणं हेही तिने आघातात धरलंय. साहेब त्या सालाच्याही मागे आहेत.

खरं तर ती बैठक मला नकोच. सगळ्यांना एकदाच बसवून बोलतं केल्याने पुढचा त्रास टळतो, असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. मला हवंय ते वेगळं: अशा कॉलनंतर थोडा वेळ हेडफोन काढायची मुभा, आणि नाव-गाव वगळून एक ओळ, वाचले की गेले. साहेब म्हणतात, वाईट कळलं तर तुम्हालाच जड जाईल. जाईलही. काही सहकाऱ्यांना तर कळायलाच नकोय. मग ज्याला हवंय त्याला सांगा, नकोय त्याला सांगू नका. एवढं ठरवायला समिती कशाला लागते?