१७ ऑगस्ट १८०५ : एक वाक्य चार भाषांतून

आज १७ ऑगस्ट. १८०५ साली याच दिवशी अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घेणाऱ्या लुईस आणि क्लार्क या कॅप्टनांच्या मोहिमेची शोशोनी या तिथल्या आदिवासींशी बोलणी बसली. होड्यांचा मार्ग संपला होता, पुढे रॉकी पर्वत. घोडे मिळाले नाहीत तर सामान तिथेच राहणार.

बोलणी चालायची कशी? कॅप्टन इंग्रजीत बोलणार, मोहिमेतला लाबीश ते फ्रेंचमध्ये सांगणार, दुभाषा शार्बोनो हिदात्सा या दुसऱ्या जमातीच्या भाषेत आणि त्याची बायको सकागविया शोशोनीत. उत्तर याच वाटेने उलटं. एक दुवा निसटला की सौदाच बिघडायचा. आणि सगळ्यात नाजूक दुवा होती ही कोवळ्या वयाची, सहा महिन्यांचं बाळ सांभाळणारी बाई. बोलता बोलता तिने शोशोनींचा प्रमुख कामीआवेटला ओळखलं: तिचा भाऊ! हिदात्सांनी तिला लहानपणी पळवून नेलं होतं. ती धावली, आपलं पांघरूण त्याच्यावर टाकलं आणि रडली. मग पुन्हा जागेवर बसून दुभाषाचं काम, मधूनमधून डोळे भरून येत असतानाच.

'मोहिमेला सगळी वाट सकागवियाने दाखवली' असं सांगतात, ते मात्र खरं नाही. रॉकीतल्या बिटररूट डोंगरातून नेलं ते 'टोबी' नावाच्या म्हाताऱ्या शोशोनी वाटाड्याने. सकागवियाने वाटेतला ओळखीचा बीव्हरहेडचा खडक ओळखला आणि परतीला, जुलै १८०६ मध्ये, क्लार्कला आजची बोझमन खिंड सुचवली. त्याआधी, एप्रिल १८०५ मध्ये, तर तिने अणकुचीदार काठीने नदीकाठची माती उकरून उंदरांनी साठवलेले कंदही काढले होते.

काम संपल्यावर शार्बोनोला ५०० डॉलर ३३ सेंट मिळाले. तिला काहीच नाही.